संस्थापकांच्या तक्त्यातली नववी चौकट

शुक्रवार, एप्रिलमधला तिसरा. वेळ सकाळी अकरा. जागा कुवेतमधलं रिग्गई, आमच्या फ्लॅटची बैठकीची खोली. हजर: माझे बाबा, करंदीकर काका आणि आणखी सहा पुरुष. त्या सहा जणांची नावं आमच्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेत दर वर्षी छापून येतात, म्हणून इथे पुन्हा देत नाही. स्वयंपाकघरात हजर: आई. कोपऱ्यात वही-पेन घेऊन हजर: मी, वय पंधरा. गैरहजर: बुवा.

ही नोंद मी त्याच दिवशी वहीत केली होती. फक्त ती सहा नावं आत्ता गाळली आहेत आणि शेवटचे दोन शब्द आत्ता घातले आहेत. त्या दिवशी ते सुचले नव्हते, कारण ज्याला बोलावलंच नाही त्याची गैरहजेरी मांडायची पद्धत नसते. मला लहानपणापासून याद्या करायची सवय. दप्तरात काय आहे, फ्रीजमध्ये काय संपलंय, सुट्टीला पुण्याला जाताना कोणत्या बॅगेत काय. घरात कौतुक व्हायचं. बाबा पाहुण्यांना सांगायचे, ‘मेधाच्या यादीत नाही म्हणजे ती वस्तू घरात नाही.’ हे वाक्य पुढे किती खरं ठरणार आहे हे त्यांनाही माहीत नव्हतं.

बुवा कोण ते आधी सांगायला हवं. आम्ही कुवेतला आलो तेव्हा बाबांना एका कंपनीत अकाउंटंटची नोकरी होती, मला शाळा होती आणि आईला काहीच नव्हतं. आई कुडाळकडची. लग्नानंतर पुण्यात राहून तिने आपली बोली घडी घालून ठेवून दिली होती, कारण बाबांना ती चारचौघांत आवडत नसे. रिग्गईच्या त्या फ्लॅटमध्ये दिवसभर एसीचा घरघराट आणि वरच्या मजल्यावर कुणीतरी ओढलेल्या खुर्चीचा आवाज, याखेरीज तिच्याशी बोलायला कुणी नव्हतं. पहिल्या महिन्यात तिने काय काय केलं ते मला पाठ आहे, कारण फार थोडंच केलं: खिडक्यांच्या फटीत ओले फडके लावले, तरी आत आलेली वाळू पुसली, संध्याकाळी बाबा आले की विचारलं, ‘कुणी मराठी भेटलं का?’

भेटलं ते तिलाच. अब्बासियाला एका बकाल्यात, म्हणजे कोपऱ्यावरच्या वाणसामानाच्या दुकानात, आम्ही कढीपत्ता घ्यायला गेलो होतो. मल्याळी दुकानदारासमोर एक उंच, काळासावळा माणूस उभा होता. बाहीवर लाकडाचा भुसा, कानामागे सुताराची चपटी पेन्सिल. तो हिंदीत कोकम मागून थकला होता आणि शेवटी स्वतःशीच म्हणाला, ‘सोलां नाय तर कढी कशाची करतलंय, तुझ्या डोक्याची?’ आई तिथेच थांबली. मी तिला हसताना बऱ्याच दिवसांनी पाहिलं. ती म्हणाली, ‘माझ्याकडे आसत सोलां. घरच्या रातांब्यांची.’ तो वळला. आधी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग परत आईकडे. ‘खयच्या तुम्ही?’ असं विचारून तिचं उत्तर यायच्या आत त्याने डोळे पुसले. भुसा गेला असेल. मी तेव्हा तसंच समजले आणि अजूनही त्याच्या बाजूने तसंच समजते.

तेच बुवा. पुढच्या शुक्रवारी आई सोलांची पिशवी घेऊन त्यांच्या खोलीवर गेली. बाबांनी गाडी चालवली आणि सगळा रस्ताभर ‘पाच मिनिटं बसायचं’ असं बजावलं. आम्ही तीन तास बसलो. दोन खोल्यांत अकरा माणसं राहत होती. लोखंडी दुमजली खाटा, खाटांना चादरींचे पडदे, दाराबाहेर चपलांची रास. बहुतेक सगळे सावंतवाडी-कुडाळ-कणकवली भागातले. सुतार, प्लंबर, फरशी बसवणारे. एकाच कंपनीत करारावर आलेले, पहाटे कंपनीच्या बसने जाणारे. शुक्रवारी सुट्टी, म्हणून शुक्रवारी भजन. खाटा भिंतीला सरकवायच्या, मधे सतरंजी, कोपऱ्यात बुवांनी पॅकिंगच्या खोक्यांच्या फळ्यांतून केलेला देव्हारा. त्याच्या मागच्या बाजूला ‘ही बाजू वर’ अशा अर्थाचा बाण अजून दिसत होता आणि तो बरोबर वरच होता, हे बुवा सगळ्यांना मुद्दाम दाखवायचे.

बुवा हे नाव नव्हे. कोकणात भजनाचा म्होरक्या तो बुवा. तो गातो, बाकीचे मागे म्हणतात. त्यांना सगळे बुवाच म्हणत, आईसुद्धा, बाबासुद्धा. पखवाज ते स्वतः तयार करत. पखवाजाच्या डाव्या बाजूला ओली कणीक थापावी लागते, तेव्हा तो गंभीर बोलतो. ती कणीक ते घरून, म्हणजे त्या खोलीतल्या शेगडीपासून सतरंजीपर्यंत, एका लहान स्टीलच्या डब्यात घालून आणत. मला जवळ बसवून थापायला देत. ‘चेडवा, कणीक जास्त झाली की पखवाज झोपता आणि कमी झाली की भुंकता,’ असं म्हणत आणि दोन्ही आवाज काढून दाखवत. भजन संपलं की काळ्या वाटाण्याची उसळ, आंबोळ्या, आईच्या सोलांची कढी. बाबा दोन वेळा उसळ वाढून घेत. गाडीत बसल्यावर रुमालाने हात पुसत म्हणत, ‘त्यांच्याकडचं जरा तिखटच असतं.’

पुढचं दीड वर्ष आमचे शुक्रवार असे गेले. बाबांनी ऑफिसातल्या एका मराठी माणसाला आणलं, त्याने आणखी दोघांना. बायका डबे घेऊन यायला लागल्या. खोलीत मावेना म्हणून जिन्यावर बसायला लागलो. कुणाच्या बाळाचं बारसं तिथेच झालं, पाळणा बुवांनी केला. एका बाईंची आई गावी वारली आणि तिकीट मिळेना, तेव्हा त्या बाई आमच्याकडे न येता तिथे गेल्या आणि त्या अकरा माणसांनी त्यांच्यासाठी दिवसभर चूल पेटवली नाही. हे मी एवढ्यासाठी लिहिते की पुढे स्मरणिकांमध्ये ‘मंडळाची मुहूर्तमेढ’ या मथळ्याखाली जे छापलं गेलं त्यात हे काहीही नाही. त्यात आमच्या बैठकीच्या खोलीत झालेली ‘ऐतिहासिक बैठक’ आहे. मी त्या बैठकीत होते. तिच्यात ऐतिहासिक काही असेल तर ते आईचे बटाटेवडे.

करंदीकर काका नंतर आले. बँकेत मोठ्या हुद्द्यावर. बनेद अल-गारला समुद्राजवळ घर. माणूस वाईट नव्हता. त्यांना व्यवस्था आवडायची आणि व्यवस्था मलाही आवडते, म्हणून मी त्यांच्याबद्दल सांभाळून बोलते. ते एकदाच अब्बासियाच्या खोलीवर आले, दाराजवळ बूट हातात घेऊन उभे राहिले, चपलांच्या राशीत ते ठेवावे की नाही हे त्यांचं ठरेना. जाताना बाबांना म्हणाले, ‘स्पिरिट छान आहे हो. पण हे ऑर्गनाइज्ड करायला हवं.’

त्याच सुमारास माझ्या शाळेतला तो तक्ता झाला. आमच्या पुस्तकात अमेरिकेतल्या एका शहराचा धडा होता. ओसाड माळ, नदीचं वळण, तिथे गाड्या-घोड्यांनी आलेली माणसं आणि त्यांनी वसवलेलं शहर. बाईंनी प्रोजेक्ट दिलं: शहराचे संस्थापक. मी शाळेच्या वाचनालयातून जाड ज्ञानकोश आणला, चित्रांच्या प्रती काढल्या आणि निळ्या कार्डबोर्डवर तीन ओळींत तीन-तीन अशा नऊ चौकटी आखल्या. नऊ मिशाळ पुरुष. खाली नाव आणि काम: बँकवाला, गिरणीवाला, वर्तमानपत्रवाला, जमिनी मोजणारा, न्यायाधीश असे. ज्ञानकोशाच्या त्या पानावर शेवटी बारीक अक्षरात एक ओळ होती, की पहिली घरं बांधणाऱ्या सुतार-मजुरांची नावं नोंदलेली नाहीत. ती ओळ मी घेतली नाही. तिला चित्र नव्हतं आणि दहावी चौकट बसत नव्हती. माझा पहिला नंबर आला.

तो तक्ता आमच्या बैठकीच्या खोलीत लावला होता. एप्रिलमधल्या त्या शुक्रवारी मंडळाचं नाव ठरलं, वर्गणी ठरली, उद्‌घाटनाला बनेद अल-गारचा हॉल ठरला आणि मग करंदीकर काकांचं लक्ष भिंतीकडे गेलं. ते उठले, चष्मा वर करून सगळ्या मिशा पाहिल्या आणि म्हणाले, ‘वा! मेधा, आपलाही असाच करायचा. उद्‌घाटनाला दारातच लावू. आज आपण मोजकी घरं आहोत, उद्या शेकडो होतील. त्यांना कळायला हवं, सुरुवात कुणी केली.’

सगळ्यांना ते पटलं. आठ पुरुष एकमेकांकडे पाहून हसले, एकाने तर हात मिशीकडे नेला. मी वही उघडली, एक ते आठ आकडे घातले, आठ नावं लिहिली. मग नऊ लिहिलं आणि विचारलं, ‘नववे बुवा ना?’

करंदीकर काका प्रेमानेच म्हणाले, ‘अगं, ते बॅचलर आहेत.’

हा शब्द समजावून सांगावा लागेल. कुवेतमध्ये बॅचलर म्हणजे अविवाहित नव्हे. बॅचलर म्हणजे ज्याची बायको इथे नाही. ज्याचा पगार कुटुंब आणण्याइतका नाही तो बॅचलर. साठीचा असो, नातवंडं असोत. घरभाड्याच्या जाहिरातीत, बागेच्या दारावर, सगळीकडे माणसांचे दोनच प्रकार: फॅमिली आणि बॅचलर. आम्ही आल्यापासून हा शब्द इतक्या वेळा ऐकला होता की पंधराव्या वर्षी मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. मी फक्त म्हणाले, ‘पण सुरुवात तर त्यांच्याकडे झाली.’

‘हॉलचा नियम आहे, बाळ,’ काका म्हणाले. ‘फॅमिलीज ओन्ली. आता ज्यांना आत येता येणार नाही त्यांचा फोटो दारावर लावणं बरं दिसतं का? त्यांनाच वाईट वाटेल.’

मी बाबांकडे पाहिलं. बाबा अकाउंटंट, बेरीज चुकली की त्यांना झोप येत नसे. ते म्हणाले, ‘तिथे बोधचिन्ह काढ. समई काढ. शोभून दिसेल.’

स्वयंपाकघरात कढईत झारा आपटल्याचा आवाज आला. मग वडे आले. थोडे करपलेले.

समई मी फार सुंदर काढली. पाच वाती, प्रत्येक ज्योतीला सोनेरी कड.

उद्‌घाटनाच्या आदल्या दिवशी बाबांनी मला काम वाटून दिलं. दाराशी टेबल, टेबलावर यादी. आडनाव, मोठे किती, लहान किती. आलेल्या कुटुंबासमोर खूण करायची, बायकांना गजरा द्यायचा. ‘यादीत नाव नसेल त्याला नम्रपणे सांगायचं. तू नीट करशील म्हणून तुला देतोय.’ मला अभिमान वाटला. तीन पानं होती. मी पट्टीने रकाने आखले.

बुवांना कुणी काय सांगितलं होतं हे मला आजही नक्की माहीत नाही. आईने बाबांना विचारलं होतं, ‘बुवांशी बोललात?’ बाबा म्हणाले होते, ‘करंदीकर बोलणार आहेत.’ करंदीकर काकांना वाटलं असेल बाबा बोलतील. म्हणजे कुणीच बोललं नाही. हॉल ठरल्याचं मात्र बुवांना कळलं होतं, आणि मंडळाचं उद्‌घाटन म्हणजे आधी भजन होणार हे त्यांनी धरून चाललं होतं. त्यात न धरण्यासारखं काय होतं?

सकाळी दहाच्या सुमाराला ते आले. बरोबर चौघं. पाचही जणांचे पांढरे शर्ट, इस्त्रीच्या घड्या अजून कडक. केसांना तेल. बुवांच्या खांद्यावर चादरीत गुंडाळलेला पखवाज, हातात तो स्टीलचा डबा. त्यांच्यातला बाबल्या नावाचा प्लंबर हसतमुख होता. तो माझ्या टेबलावरचे गजरे पाहून म्हणाला, ‘बुवा, आमकाय एकेक गजरो गावतलो काय?’

‘तुझ्या टकलार खय माळशीत?’ बुवा म्हणाले आणि माझ्यासमोर उभे राहिले. ‘इलंस काय गे चेडवा आमच्या आधी? मोठी सायबीण झालंस. लिव, नाव लिव माझां.’

मी यादी पाहिली. माहीत असूनही पाहिली. तीनही पानं उलटली. ‘बुवा, तुमचं नाव यादीत नाही.’

‘यादी कोणी केल्यान?’

‘मी.’

‘मगे घाल की,’ ते हसले. ‘पेन तुझ्याच हातात आसा.’

त्यांच्यामागे एक कुटुंब येऊन थांबलं होतं, त्यांच्या मुलीने नवा परकर दोन्ही हातांनी वर धरला होता. मला घाई झाली. मला नीट करायचं होतं. मी म्हणाले, ‘फक्त फॅमिलीज आहेत, बुवा. बॅचलर अलाउड नाहीत. हॉलचा नियम आहे.’

क्षणभर त्यांना खरंच गंमत वाटली. ‘बॅचलर? गो बाये, माका तीन पोरां आसत.’

‘लगीन मोडलां बुवा तुमचां,’ बाबल्या म्हणाला. ‘वैनीक कळवूक व्हयां.’ ते चौघं हसले. बुवाही हसले. मग त्यांनी माझ्या डोक्यावरून आत पाहिलं आणि मीही मागे वळले. दाराच्या आत, दहा पावलांवर, भिंतीवर निळा तक्ता होता आणि बाबा त्याचा एक सुटलेला कोपरा दाबून बसवत होते. त्यांनी आम्हाला पाहिलं. यात शंका नाही. त्यांची आणि बुवांची नजर मिळाली. बाबांनी घड्याळाकडे पाहिलं, पुन्हा तक्त्याकडे वळले आणि जो कोपरा आधीच चिकटला होता तो अंगठ्याने दाबत राहिले.

बुवांचं हसू गेलं. राग आला असं मात्र दिसलं नाही. सुतार फळीकडे पाहतो तसं त्यांनी त्या तक्त्याकडे लांबून पाहिलं. आठ चेहरे आणि एक समई. मग डबा माझ्या यादीवर ठेवला. ‘ह्यां तुझ्या आवशीक दी. कणीक आसा. चपाते करीत. वाया घालव नको म्हणान सांग.’

ते वळले. पखवाज खांद्यावर असल्यामुळे त्यांना सावकाश वळावं लागलं. बाबल्याने जाताना टेबलावरचा एक गजरा उचलला, हुंगला आणि परत ठेवला. पायऱ्यांच्या खाली हॉलचा हारिस, म्हणजे रखवालदार, खुर्ची टाकून बसला होता. इजिप्तचा म्हातारा माणूस. त्याने त्यांना जाताना पाहिलं, वर येऊन मला विचारलं, ‘व्हाय गो? म्युझिक मॅन, व्हाय गो?’

मी म्हणाले, ‘बॅचलर. हॉल रूल.’

‘माय हॉल?’ तो म्हणाला. ‘नो, नो. फॅमिली, बॅचलर, ऑल वेलकम. माय हॉल वन रूल: नो शूज ऑन कार्पेट.’ आणि तो आत पाहून ओरडायला लागला, कारण करंदीकर काका बूट घालून गालिच्यावर उभे होते.

मी तेव्हा तरी धावायला हवं होतं. बस स्टॉप हॉलच्या कोपऱ्यावर होता, ते अजून दिसत होते, पाच पांढरे शर्ट उन्हात. पण परकरवाल्या मुलीचं कुटुंब खोळंबलं होतं. मी विचारलं, ‘आडनाव? मोठे किती?’ आणि खूण केली. त्या दिवशी आलेल्या एकाही कुटुंबाची खूण चुकली नाही. यादी माझ्याकडे अजून आहे, तपासून लिहिते.

आईला मी डबा दिला तेव्हा दीपप्रज्वलन चाललं होतं. तिने झाकण काढलं, कणकेला बोट लावलं, अजून मऊ होती. पर्स घेतली, डबा घेतला, बाहेर गेली. बस स्टॉप रिकामा होता. कार्यक्रम संपेपर्यंत ती गाडीजवळच्या भिंतीच्या सावलीत उभी राहिली आणि सावली सरकली तशी सरकत राहिली.

घरी आल्यावर तिने त्या कणकेच्या पोळ्या केल्या. तीन झाल्या. बाबा खुशीत होते, भाषण चांगलं झालं होतं. पहिला घास घेऊन म्हणाले, ‘आज पोळ्या मऊ झाल्यात.’

‘बुवांनी पाठवल्येत,’ आई म्हणाली. ‘पखवाजाची कणीक.’

बाबांचा हात थांबला. मी पाहत होते. मला वाटलं ते ताट सारतील, उठतील, गाडीची किल्ली घेतील. त्यांनी पोळी संपवली. दुसरीही खाल्ली. खुनशीपणा नव्हता, भूक होती. पण तेवढ्यासाठी मी त्यांना अजून माफ केलेलं नाही. आईने तर त्या दिवसापासून त्यांना एकच नाव ठेवलं. ‘संस्थापक, आंघोळीला पाणी काढलंय.’ ‘संस्थापक, गॅस संपलाय.’ पाहुण्यांना ते कौतुक वाटायचं.

डबा रिकामा परत करायचा नसतो. आईने बेसनाचे लाडू केले आणि बाबांना म्हणाली, ‘शुक्रवारी अब्बासियाला जाऊ.’ बाबा म्हणाले, ‘पुढच्या शुक्रवारी.’ असं तीनदा झालं. चौथ्या शुक्रवारी आई मला घेऊन टॅक्सीने गेली. दाराबाहेर चपलांची रास होती, पण दार उघडलं ते दुसऱ्या माणसांनी, तेलुगू बोलणाऱ्या. कंपनीने आधीची माणसं कुठल्यातरी लांबच्या कॅम्पवर हलवली होती. कुठे ते त्यांना माहीत नव्हतं. देव्हारा कोपऱ्यात तसाच होता. त्यात आता त्यांचे देव होते. मागचा बाण वरच होता. लाडू आम्ही परत आणले आणि खाल्ले.

आता मी त्याच मंडळाची कार्यवाह आहे. शिक्षण पुण्यात झालं, लग्न झालं, नवऱ्याची नोकरी इथली म्हणून परत आले, आणि याद्या करणारं माणूस दिसलं की समिती त्याला सोडत नाही. मंडळात आता खरंच शेकडो घरं आहेत, काकांचा अंदाज बरोबर होता. मुलं इंग्रजीत आरती वाचतात, तीही फोनवरून. नोंदणीच्या फॉर्मवर वर अजून छापलेलं असतं: फॅमिलीज ओन्ली. मी ते काढावं असा विषय दोनदा मांडला. दोन्ही वेळा कुणीतरी समजुतीच्या सुरात म्हणालं, ‘वहिनी, आमची हरकत नाही हो, पण हॉलचा नियम आहे.’ मधल्या काळात आम्ही पाच हॉल बदलले.

यंदा रौप्यमहोत्सव. स्मरणिकेसाठी संस्थापकांचं पान पुन्हा करायचं माझ्याकडे आलं. नव्या अध्यक्षांनी सांगितलं, जुना तक्ताच घ्या, नॉस्टॅल्जिक वाटेल. मी घेतला आणि समई काढून टाकली. आठ चेहरे, एक रिकामी चौकट. तिथे काय लिहायचं हे ठरलं होतं. फक्त नाव हवं होतं.

पुण्याला बाबांना फोन केला. त्यांची स्मरणशक्ती चांगली आहे. उद्‌घाटनाच्या पडद्याचा रंग त्यांनी मी न विचारताच सांगितला.

‘बाबा, बुवांचं नाव काय होतं?’

‘कोण बुवा?’

मग तेच म्हणाले, ‘तो सुतार होय. बॅचलर होता ना तो?’

‘तीन मुलं होती.’

‘असतील. आता इतक्या वर्षांनी कशाला? आईला विचारायचं होतंस तेव्हा.’

आई चार वर्षांपूर्वी गेली. तीही त्यांना बुवाच म्हणायची. तिच्या मागे वाटण्या झाल्या तेव्हा मी फक्त तो डबा मागून घेतला. झाकणावर सुईसारख्या अक्षरांत नाव घातलेलं आहे, आपल्याकडे भांड्यांवर घालतात तसं. पण पूर्ण नाही: वि. स. प. एवढंच. विष्णू, विश्राम, विठ्ठल, विनायक. परब, पालव, पेडणेकर, परुळेकर, पांचाळ. मी यादी केली, दुसरं काय करणार. कुडाळ भागातल्या ओळखीपाळखीतून अनेकांना फोन केले. ‘कुवेतला होते का कुणी, सुतार, भजन करायचे?’ लोक चांगलं बोलतात. एक बाई म्हणाल्या, ‘आमच्यातले दुबईक होते.’ एका घरी फोन एका म्हाताऱ्याने घेतला आणि मी बोलू लागताच त्यांनी विचारलं, ‘पखवाज?’ पण त्यांना ऐकू कमी येत होतं. त्यांना वाटलं मी पखवाज विकत घ्यायला फोन केलाय. आणि डबा त्यांचाच कशावरून? अकरा माणसांच्या खोलीत कुणाचंही भांडं कुणाच्याही हातात असतं.

हे सगळं करताना एक गोष्ट मात्र रोज आठवते. शोधायची काही गरजच नव्हती. ते टेबलासमोर उभे होते, म्हणाले होते, ‘नाव लिव माझां.’ मी फक्त ‘काय?’ एवढं विचारायचं होतं. ते सांगणारच होते. पेन माझ्या हातात होतं.

छपाईवाल्याचा काल तिसऱ्यांदा निरोप आला. अध्यक्षांनी सुचवलं, ‘नुसतं बुवा लिहा ना, किंवा समई परत घाला, छान होती.’ मी नाही म्हणाले. बाकीच्या आठ जणांना आडनावं आहेत. आज सकाळी फाइल पाठवून दिली, नववी चौकट कोरी ठेवून, आणि ती चूक समजून कुणी भरू नये म्हणून छपाईवाल्याला सोबत तसं स्पष्ट लिहिलं.

आजची यादी फ्रीजवर लावलेली आहे. स्मरणिकेची फाइल पाठवणे, झालं. हॉलला आरक्षणाचं पत्र, झालं. गजऱ्यांची ऑर्डर, झाली. बेसन भाजणे, झालं. लाडू वळून ताटात निवत ठेवले आहेत, डबा घासून पुसून शेजारी उघडा आहे. शेवटच्या ओळीवर खूण नाही: डबा परत करणे.